मुका खांब

“काकू, रिपोर्ट आलाय. पॅपिलरी कार्सिनोमा,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि लगेच सोप्या मराठीत सांगितलं, “म्हणजे थायरॉईडचा कॅन्सर. पण घाबरू नका, हा सगळ्यांत गरीब स्वभावाचा. ऑपरेशन केलं की बहुतेक लोक पुढे वर्षानुवर्षं चांगले राहतात.”

माझ्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत अर्धवट विणलेला गळपट्टा. बाहेर बाकावर बसून मी त्रेचाळीस टाके मोजले होते, ते तिथल्या तिथे विसरले. आमचे हे शेजारी बसले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

अशा वेळी माणसं विचारतात, किती दिवस उरले. मी विचारलं, “माझा आवाज राहील ना?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “बरं झालं विचारलंत. थायरॉईडच्या मागून रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह जाते, म्हणजे आवाजाची नस. ती जपूनच आम्ही काम करतो. पण नुसता धक्का लागला तरी ती कधी कधी रुसते. काही आठवडे, काही महिने. क्वचित कायमची. हे आधी सांगणं माझं काम आहे.”

हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना हे म्हणाले, “तुह्या आवाजाले काही होत नाही. नसच भीत असन तुले.”

मी हसले. पण कोराडीची बस येईपर्यंत पिशवीतले टाके पुन्हा पुन्हा मोजले, एकदाही जुळले नाहीत.

आवाजाचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगते. मी निर्मला. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आम्ही चोवीस वर्षं राहतो, ह्यांची नोकरी तिथलीच. दुपारी आमच्या हॉलमध्ये माझा क्रोशाचा क्लास असतो. नऊ-दहा बायका, नऊ-दहा तोंडं, त्यात माझं एक मोठं. “तीन साखळी! एक खांब! पुन्हा तीन साखळी!” असं मी म्हणत जाते आणि सगळ्या जणी त्या तालावर विणतात. पुस्तकात बघून शिकवणं मला जमत नाही. माझी सगळी विद्या गळ्यात. शेजारच्या ब्लॉकमधले काका रिटायर झालेत, ते म्हणतात, “वहिनी, भिंतीतून ऐकून ऐकून मलेबी विणता येऊन राहिलं आता.” कॉलनीत दोन भोंगे आहेत, एक केंद्राचा आणि एक माझा, असंही लोक म्हणतात. मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. खरंच आहे ते.

ज्यांना क्रोशा येत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आकड्याच्या सुईने लोकरीचा फास ओढला की साखळी. साखळीवर उभा टाका घातला की खांब. आणि सगळ्यांत बुटका, जेमतेम दिसणारा टाका, त्याला मुका खांब म्हणतात. आमच्या आज्यांपासून हेच नाव. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता गाठ कशी सापडली ते. दिवाळी झाल्यावर क्लासमध्ये मीच विषय काढला होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण एकमेकींना वाण देतो ते काय? प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या. माझ्या घरात सात गाळण्या आहेत, चहा पिणारे दोघं. यंदा वाण आपण शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात लुटू, मी म्हटलं. सकाळी सातपासून बाया तिथे ओपीडीच्या रांगेत बसतात, पौषातल्या नागपूरच्या थंडीत पदर गळ्याभोवती गुंडाळून. त्यांना गळ्यातलं उबदार काहीतरी देऊ.

पुण्याहून माझ्या लेकीने फोनवर फोटो पाठवला. मफलरची दोन टोकं जोडून केल्यासारखा गोल गळपट्टा, डोक्यातून घालायचा. ती त्याला काऊल म्हणते. आमच्या बायकांनी त्याचं कौल केलं. “देवाचा कौल का वं?” असं कुंदा म्हणाली आणि तेच नाव पडलं. कुंदा माझी पहिली शिष्या, आता उजवा हात. हा कौल दोन दुपारींत होतो. प्रत्येकीच्या घरात उरलेल्या लोकरीचे गुंडे असतातच, त्यामुळे रंग म्हणाल तर हळदी, जांभळा, पोपटी, राणी, सगळे एकात. मध्ये मध्ये मी बोरं घातली. एकाच टाक्यात पाच खांब घालून वरून बांधून टाकले की बोराएवढा फुगीर गोळा उठतो. हाताला लागतो, दिसायला गोड. संक्रांतीला बोरं पाहिजेतच की.

पहिला नमुना झाला आणि मी आरशासमोर घालून बघितला. एका बाजूने वर उचलला गेला. मला वाटलं टाके चुकले. सगळा उसवला, पुन्हा विणला. पुन्हा तेच. चिडून पुन्हा उसवला.

“ताई, तुमचं गणित नाही चुकत कधी,” कुंदा म्हणाली, “तिसऱ्यांदा काहून उसवून राहिल्या?”

तिने तो तिसरा कौल माझ्या गळ्यात घातला, मागे सरकून बघितलं, आणि मला म्हणाली, “जरा चहाचा घोट घ्या बरं.” मी घोट घेतला. तिचा चेहराच बदलला. घोटाबरोबर गळ्याच्या उजव्या बाजूला काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. कौल सरळच होता. वाकडा माझा गळा होता.

म्हणून सांगते, महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहा, मान थोडी वर करा आणि पाण्याचा घोट घ्या. गाठ घोटाबरोबर हलली तर डॉक्टरला दाखवा. माझी दुखत नव्हती, खुपत नव्हती, गिळायला त्रास नव्हता. दुखत नाही म्हणून काही नाही, हे आपण बायकांनी डोक्यातून काढून टाकायला पाहिजे.

मग तपासण्या. आधी रक्त, टीएसएच म्हणजे थायरॉईडचं काम कसं चाललंय ते बघायला. ते नॉर्मल आलं आणि मी उगाच खूश झाले. मग गळ्याची सोनोग्राफी. मग एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काढतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. ऐकायला भयंकर, प्रत्यक्षात मला तरी डास चावल्यासारखं झालं. सुई टोचणाऱ्या मुलीला मी म्हटलंसुद्धा, “तुमची सुई नाजूक आहे, माझी बारा नंबरची.” रिपोर्टला चार दिवस लागले. ते चार दिवस मात्र लांब होते. हॉस्पिटलच्या बाकावर मी विणत बसायची आणि प्रत्येक वेळी कोणीतरी विचारायचं, काय करून राहिल्या, कोणासाठी. मी सांगायची, तुमच्यासाठीच. वेटिंगमध्ये हाताला काम असावं. फोन बघत बसाल तर फोन तुम्हाला कॅन्सरच कॅन्सर दाखवतो.

कौल लागला, तो वर सांगितलाच.

ऑपरेशन डिसेंबरच्या सुरुवातीला झालं. टोटल थायरॉइडेक्टॉमी, म्हणजे पूर्ण ग्रंथी काढून टाकणं. आत नेताना मी मोठ्याने सगळ्यांना सूचना दिल्या, कुंदाला लोकर कुठे ठेवली ते, ह्यांना दूध कधी तापवायचं ते. वॉर्डातले लोक वळून बघत होते. मुद्दामच मोठ्याने बोलत होते मी. कोणास ठाऊक, म्हटलं, शेवटचं असलं तर मोठं तरी असू द्या.

दुसऱ्या दिवशी शुद्ध नीट आल्यावर ह्यांना हाक मारायला तोंड उघडलं. हवा आली. दाराखालून येते तशी नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा.

मॅडम राउंडला आल्या, माझा हात हातात घेतला. “नस मी डोळ्यांनी पाहिली आहे काकू, ती शाबूत आहे. थकली आहे. वेळ द्या.” मी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मला कॅन्सर आहे हे कळलं तेव्हा मी रडले नव्हते. त्या सकाळी रडले, आणि रडण्यालाही आवाज नव्हता, त्याने आणखी रडले.

तिसऱ्या दिवशी पिशवीतली सुई काढली तर बोटांना मुंग्या. सुई हातातून सटकते. ओठांभोवतीही मुंग्या. माझा जीव घाबरला, आवाज गेला, आता हातही चालले काय? मी बेल दाबली आणि कॅलेंडरच्या पानामागे लिहिलं, बोटं, मुंग्या. सिस्टर धावत आली. हायपोकॅल्सेमिया, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम उतरणं. थायरॉईडला चिकटून चार बारीक ग्रंथी असतात, त्या कॅल्शियम सांभाळतात, ऑपरेशनमध्ये त्याही जरा दचकतात. सलाइनमधून कॅल्शियम दिलं आणि संध्याकाळपर्यंत बोटं ताळ्यावर आली. सिस्टर म्हणाली, “लगेच सांगितलं ते छान केलं. लोक अंगावर काढतात.” तुमच्यापैकी कोणाचं हे ऑपरेशन होणार असेल तर मुंग्यांची लाज धरू नका.

दोन गोष्टी मात्र मी त्या पलंगावर शिकले, त्या आरशासमोर कधी कळल्या नसत्या. ऑपरेशनचे टाके ताजे असताना बोराची लोकर गळ्याला सोसत नाही. आणि डोक्यातून घालायचा कौल घालता येत नाही, मान वळतच नाही. एवढ्या उत्साहाने विणलेली वस्तू माझ्याच कामाची नव्हती. घरी आल्या आल्या कागदावर लिहून कुंदाला दिलं: गळ्याच्या पेशंटसाठी कौल गोल जोडायचा नाही, बाजूला बटण. बोरं बाहेरून, आतून जुन्या सुती साडीचं मऊ अस्तर. आणि टाके सुकल्याशिवाय घालू नये असं सांगायचं. आधीचे बंद कौल रांगेतल्या बाकीच्यांसाठी आणि नातेवाइकांसाठी. काहीही फुकट गेलं नाही.

क्लास पुन्हा सुरू झाला. मी खुर्चीवर बसून बोटांनी दाखवायची, तीन बोटं म्हणजे तीन साखळी. बायका समजून घ्यायच्या. पण एक दिवस काठ घालायची वेळ आली. काठाला शेवटची ओळ मुक्या खांबांची असते, नाहीतर कौलाची कड मुडपते. कुंदा माझ्याऐवजी बोलत होती, ती म्हणाली, “आता एक ओळ मु…” आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. “आता एक ओळ छोटा खांब,” ती म्हणाली. बाकीच्या जणींनी खाली मान घालून “हो हो, छोटा खांब” म्हटलं.

आधीच ठरलं होतं त्यांचं. माझ्यासमोर तो शब्द काढायचा नाही.

किती माया असेल त्यात, मला कळत होतं. आणि तरी माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! दहा जणींनी मिळून मला मुकी ठरवून टाकलं होतं, आणि वर माझ्यापासून ते लपवतही होत्या. ओरडायला तोंड उघडलं. फाटक्या बासरीसारखा एक खरखरीत सूर निघाला. सगळ्यांनी दचकून वर बघितलं. मी तोंड मिटलं आणि ठरवलं, असा आवाज काढण्यापेक्षा न काढलेला बरा.

ही माझी चूक. आजारापेक्षा मोठी. मॅडमनी रोज आवाजाचे व्यायाम सांगितले होते. “कुजबुजू नका, त्याने ताण येतो. थोडं बोला, पण खऱ्या आवाजात बोला.” मी एकही करत नव्हते. ह्यांना सांगायची, केले. म्हणजे मान हलवायची.

हे एकदा जेवताना ताटावर थांबले. “घर कसं सुनं सुनं वाटून राहिलं,” म्हणाले. “जरा भांड ना वं माह्याशी.” मी वरणाची वाटी पुढे सरकवली. ह्यांनी वरण भातावर ओतलं.

संक्रांतीच्या चार दिवस आधी तपासणी होती. लॅरिंगोस्कोपी, म्हणजे नाकातून बारीक कॅमेरा घालून आवाजाच्या पडद्या बघतात. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. “ही डावी पडदी, छान हलतेय. ही उजवी, गेल्या वेळी झोपली होती. आता बघा.” उजवी थरथरत होती, अर्धी का होईना, हलत होती. “नस जागी झालीय काकू. आता तीच तयार आहे आणि तुम्हीच बोलत नाही आहात. बोलला नाहीत तर ती कोणासाठी हलणार?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पायातल्या चपलेकडे.

संक्रांतीच्या सकाळी आम्ही पाच जणी पहिल्या बसने शहरात गेलो. पोत्यात छप्पन्न कौल, डब्यात तीळगूळ. ओपीडीच्या शेडमध्ये पन्नासेक लोक बसले होते, धुकं अजून उतरलं नव्हतं. कुंदा पुढे, मी मागे. ती म्हणायची, “तीळगूळ घ्या, गोड बोला,” आणि मी कौल हातात द्यायची. कोणाला विचारलं नाही, कुंकू लावता की नाही, कुठल्या गावच्या. बाई दिसली की कौल. काही पुरुषांनीही मागितले, त्यांनाही दिले. एका आजोबांनी राणी रंगाचा उचलला आणि तिथेच घातला. “झकास दिसून राहिले बावाजी,” कुंदा म्हणाली, आणि शेडमध्ये हशा पिकला.

रांगेच्या शेवटी एक बाई बसली होती. चाळिशीची असेल, कळमेश्वरकडची, कापूस वेचायला जाते म्हणाली. पदर गळ्याशी घट्ट धरलेला. कुंदा पुढे निघून गेली होती. बाई माझ्या गळ्याकडे बघत होती. मी बटणाचा कौल घातला होता, त्याच्या वरून व्रणाचं टोक दिसत होतं.

“तुमचंबी गळ्याचंच हाय का जी?” तिने विचारलं.

मी बटण काढून व्रण दाखवला. तिने पदर बाजूला केला. डाव्या बाजूला गाठ, माझ्यापेक्षा मोठी. तिचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात.

“दुखते का?” मी मान हलवली, नाही.

“बरं होते का?” मी मान हलवली, हो.

मग ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “मंग बोलता येते का जी?”

माझी मान हलायला निघाली आणि अडकली. बोलता येतं असं मी मान हलवून सांगणार होते? कोणाचा विश्वास बसेल त्यावर? ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिच्या घरीही कोणी असेल तिच्या हाकेवर उठणारं. मला माझा फाटका सूर आठवला, क्लासमधल्या दचकलेल्या माना आठवल्या. आणि मला माझीच चीड आली. जिला नस परत मिळाली ती अशी तोंड शिवून बसली होती, आणि इथे एक बाई नुसत्या एका शब्दासाठी थांबली होती.

“येते,” मी म्हणाले.

खरखरीत होता. अर्धा हवेत गेला. पण शब्द होता.

“येते,” पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. “हळूहळू येते. बोलत राहावं लागते.” माझ्या तोंडून तिचीच बोली निघाली. मी गळ्यातला कौल काढला, तिच्या गळ्यात बटण लावून दिलं, तीळगुळाचा लाडू हातावर ठेवला. “गोड बोला,” मी म्हणाले. “पण बोला.”

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मागे वळून बघते तर कुंदा उभी, पोतं खाली टेकवून, पदराने नाक पुसत.

घरी येऊन मी ह्यांच्याशी भांडले. चहात साखर कमी होती. पाच मिनिटं भांडले, मध्ये तीनदा आवाज फाटला. हे कप हातात धरून माझ्याकडे बघत उभे राहिले. डोळे भरले होते.

ज्यांना हे होईल किंवा झालंय, त्यांना एवढंच सांगते. डॉक्टरांनी मला वाचवलं, त्या सिस्टरने हात वाचवले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. रोज सकाळी उपाशी पोटी थायरॉईडची गोळी आहे, जन्मभर. आहे तर आहे. गळ्यावर एक रेघ आहे, ती आता मी झाकत नाही. पण आवाज मला त्या कळमेश्वरच्या बाईने दिला. तिचं ऑपरेशन झालं. वॉर्डात भेटायला गेले तेव्हा तिने मला बघून मोठ्याने हाक मारली, अख्ख्या वॉर्डाने बघितलं.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या क्लासला मी खुर्चीवर बसले, बोटं वर केली नाहीत. पुढच्या वर्षाच्या वाणासाठी बायकांनी घरीच सुरू केलेले नवे कौल काठापर्यंत आले होते. कुंदाने सवयीने तोंड उघडलं, “आता एक ओळ छो…”

“मुका खांब!” मी म्हणाले. चिरका निघाला, पण निघाला. “त्याले मुका खांबच म्हणायचं. सगळ्या कडा त्याच्यानंच धरून राहतात.”

हॉलमध्ये सगळ्यांच्या सुया चालू लागल्या. आणि मग भिंतीपलीकडून शेजारच्या काकांचा आवाज आला.

“ऐकू आलं वो वहिनी! मुका खांब!”